कोरडी मान

वर्ग सुरू असताना गरम योगाच्या खोलीचं दार मी आजवर दोनदाच बाहेरून उघडलं. पहिल्यांदा उघडलं तेव्हा माझी चूक झाली होती. ही गोष्ट दुसऱ्यांदाची.

त्या दारावर पाटी आहे: ‘वर्ग सुरू असताना बाहेरून दार उघडू नये.’ अक्षर माझंच. योग शिकवणाऱ्या बाईंनी ती मला लिहायला लावली, कारण माझं अक्षर मोठं आणि सुटं सुटं आहे, मोठेपणी लिहायला शिकलेल्या माणसाचं असतं तसं. लांबून वाचता येतं.

माझं काम पहाटेच सुरू होतं. भिंतीतले हीटर लावायचे, वाफेच्या यंत्रात पाणी भरायचं, फरशी पुसायची, पंचे घड्या करून ठेवायचे. खोली चाळीस अंशांवर आली की बाईंना सांगायचं. या कामाआधी एकतीस वर्षं मी वाफेच्या लाँड्रीत इस्त्रीवर होते. तिथे दोघींना मिळून एक चादर गरम रोलरखाली सारावी लागे. त्यामुळे गरमीशी माझी जुनी ओळख. बाईंनी मला ठेवलं तेही त्यासाठीच. “काटा चाळीस दाखवतो,” त्या म्हणायच्या, “पण ताई, तुम्ही आत जाऊन सांगा कसं वाटतंय.” मी आत जाऊन उभी राहायची आणि “कमी आहे” किंवा “बस” एवढंच सांगायची.

बाई कडक, पण बोलायला सरळ. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायच्या, “घामातून विष जातं, असलं काही मी सांगणार नाही. घाम म्हणजे पाणी आणि मीठ. जेवढं जाईल तेवढं भरून काढायचं. इथे शरीर लवकर सैल होतं, तोल सुधारतो, श्वास लांब होतो, झोप चांगली लागते. ज्यांना रक्तदाबाचा, हृदयाचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारून यायचं.” फरक मीही डोळ्यांनी पाहिला आहे. एका शिंप्याचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तीन महिन्यांत तो वरच्या खुंटीवरचा पंचा स्वतः काढायला लागला. त्यात गरमीचं किती आणि योगाचं किती, ते मला ठाऊक नाही. शिंप्यालाही नाही. त्याला पंचा मिळाला.

माझा धाकटा भाऊ उंच इमारतींवरची क्रेन चालवतो. सव्वीस वर्षं झाली. अंगाने आडदांड, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणतात, कुस्ती कधी खेळला नसला तरी. रोज सकाळी शिडीने वर चढायचं, ढगांच्या शेजारी त्या काचेच्या डब्यात बसायचं आणि संध्याकाळी उतरायचं. एक दिवस तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “ताई, तुझ्या त्या भट्टीत माणसं बारीक होतात म्हणे.”

“माणसं वाकायला शिकतात. बारीक व्हायचं तर ताटाकडे बघ.”

“ताटाकडे बघूनच तर हे झालंय.”

मग खरं काय ते बाहेर आलं. कंपनीने शिडीवर चढताना बांधायचे नवे पट्टे आणले होते. पट्टा शंभर किलोच्या माणसापर्यंतच चालतो. त्याहून जड माणूस वर जाणार नाही. वजन करायची तारीख ठरली होती, सहा आठवड्यांनंतरची, सकाळी अकराची. पैलवान एकशे सात किलोंचा होता.

“नाही बसलास त्यात तर?” मी विचारलं.

“तर खाली.” त्याने ‘खाली’ असं काही म्हटलं की वाटलं विहिरीतच टाकणार आहेत. “ताई, मला खाली काय येतं? वर माझ्याशी कोणी बोलत नाही म्हणून तर इतकी वर्षं कोणाशी भांडण झालं नाही.”

त्याला रक्तदाब नव्हता, साखर नव्हती. डॉक्टरांनी तपासून होकार दिला. बाईंनी त्याला दाराजवळ जागा दिली, म्हणजे दमला तर पटकन बाहेर पडता येईल. पहिल्या दिवशी पाव तासात तो चटईवर आडवा झाला. बाई म्हणाल्या, “झोपा. या खोलीत टिकून राहणं हेच पहिलं आसन.” त्याला ते फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून तो आडवा झाला नाही.

तीन आठवड्यांत त्याचे गुडघे शिडीवर कुरकुर करायचे थांबले. चौथ्या आठवड्यात त्याच्या बायकोचा फोन आला. “वन्सं, ह्यांचं घोरणं बंद झालंय. आता मलाच झोप लागत नाही, घरात कोणी नाही असं वाटतं.” रात्रीचं जेवण त्याने निम्म्यावर आणलं होतं. वजन एकशे सातावरून एकशे दोनावर आलं आणि मग जे बसलं ते हलेना. बाई म्हणाल्या, “शरीर आपल्या वेगाने जातं. दोन महिने द्या.” दोन महिने कोणाकडे होते?

तारखेच्या आदल्या दुपारी तो माझ्या घरी आला. माझ्याकडच्या काट्यावर उभा राहिला. एकशे एक आणि वर चारशे ग्रॅम. चपला काढून परत उभा राहिला, जसं काही वजन चपलांतच होतं.

“दीड किलो,” तो म्हणाला. “एवढ्याशासाठी.”

टेबलावर माझा गोळ्यांचा डबा होता, सात खणांचा, दर वाराला एक खण. त्याने झाकण उघडून एक गोळी बोटात धरली. “ही पांढरी कशाची?”

“पायांना सूज येते ना मला. अंगातलं पाणी उतरायची गोळी. घेतली की दर तासाला पळावं लागतं.”

“मग वजनही उतरत असेल.”

“सूज उतरते. अक्कल आहे तिथेच राहते.”

तो हसला, मीही हसले. मी चहा टाकायला आत गेले. तेवढा वेळ तो टेबलापाशी एकटा होता. नंतर अनेकदा मनात येतं, त्या चहाची काय घाई होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला तो आला. हातात पंचा होता, पाण्याची बाटली नव्हती.

“पाणी कुठंय तुझं?”

“घरून पिऊन आलोय.”

“ओठ बघ आधी. पापडी धरलीय.”

“ताई, आज तू माझ्याकडे बघूच नकोस. तुझी नजर लागते.” तो आत गेला. बरोबर सात वाजता बाईंनी दार लावलं. आत चौदा माणसं होती. नव्वद मिनिटांचा वर्ग. साडेआठला सुटणार, तिथून कामाच्या जागी पोचायला तासभर, अकराला काटा. सगळा हिशोब त्याने आदल्या दिवशीच मला ऐकवला होता.

मी पंचे धुवायला टाकले, ओली फरशी पुसली. साडेसात वाजून गेल्यावर खुर्चीवर बसले, पिशवीतून डबा काढला, त्या दिवसाचा खण उघडला. आत लाल गोळी होती, पिवळी होती. पांढरी नव्हती.

आधी वाटलं, मीच घेऊन विसरले. या वयात असं होतं. म्हणून उद्याचा खण उघडला. तिथेही पांढरी नव्हती. परवाच्याही खणात नव्हती. आजची गोळी घेतल्याचं मी विसरू शकते. पण उद्याची आणि परवाची गोळी आजच घेऊन कोण विसरतं?

तीन गोळ्या. हातात बाटली नाही. ओठ पांढरे. मी उठून दाराशी गेले.

दाराला तळहाताएवढ्या रुंदीची उभी काच आहे. आतून वाफ धरते, त्यामुळे नीट दिसत नाही. थेंब ओघळतो तेवढ्याच वाटेतून दिसतं. मी डोळा त्या वाटेला लावला. समोरच्या भिंतीला आरसा. सगळे एका पायावर उभे, दुसरा पाय त्यावर वेढलेला, हात एकमेकांत गुंतलेले. दिव्याखाली सगळ्यांच्या पाठी चमकत होत्या, पावसात उभ्या केलेल्या भांड्यांसारख्या. पैलवानाची पाठ चमकत नव्हती. त्याच्या बनियनवर घामाचे जुने डाग होते आणि त्यांच्या कडांना मिठाची पांढरी रेघ धरली होती. त्याची मान मातीच्या भिंतीसारखी दिसत होती.

लाँड्रीत आमचा एक नियम होता. कोणी लिहून दिलेला नव्हता, बायकांनी बायकांसाठी केलेला. त्याला आम्ही ‘मान बघणं’ म्हणायचो. एक गाडा चादरी संपल्या की जोडीदारणीच्या मानेवर मागून दोन बोटं ठेवायची. बोटं ओली झाली तर मोठ्याने ‘ओली’ म्हणायचं आणि पुढचा गाडा घ्यायचा. कोरडी लागली तर तिला बाहेर काढायचं, ती शिव्या देवो नाहीतर रडो. मुकादमसुद्धा मध्ये बोलायचा नाही. भट्टीत उभ्या माणसाला घाम येतोय तोवर ठीक. घाम थांबला की त्या माणसाचं काही खरं नाही, आणि ते त्याला स्वतःला कळत नाही, कारण तोवर डोकंच गरम झालेलं असतं. काही माणसं घाम गळत असतानाही पडतात. पण कोरडी मान म्हणजे दुसरा विचार करायचाच नाही.

एकदा माझं आणि माझ्या जोडीदारणीचं भांडण झालं होतं. कारण आता आठवतही नाही, बहुतेक खिडकीजवळच्या जागेवरून. त्या दिवशी आम्ही एकमेकींना बोट लावलं नाही. तिसऱ्या गाड्याला ती पडली. जगली, पण त्यानंतर माझ्याशी बोलताना तिला माझं नाव आठवायला वेळ लागायचा. मी समोर बसून वाट बघायची.

मग दार का उघडत नव्हते? कारण पहिल्यांदा उघडलं होतं तेव्हा असंच वाटलं होतं. आतली एक बाई टोमॅटोसारखी लाल झाली होती, मी घाबरून आत घुसले, ती दचकली, तोल गेला आणि पाय मुरगळला. तिची कांतीच तशी होती, जरा चाललं की लाल व्हायची. योगाच्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, “ताई, तुमचा हेतू चांगला. पण पुन्हा असं झालं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल.” ते एक. दुसरं म्हणजे, काचेतून मान दिसते, हाताला लागत नाही. त्याने आत्ताच पंच्याने पुसली असेल तर? आणि तिसरं सगळ्यांत मोठं. मी त्याला आज उगाच बाहेर ओढलं आणि अकरा वाजता काटा शंभराच्या वर थांबला, तर सव्वीस वर्षांची क्रेन मी घालवली असं होणार. तोही म्हणणार आणि मीही.

घड्याळात सात पन्नास झाले होते.

मी काचेवर टिचकी मारली. आत वाफेचं यंत्र घरघरतं, कोणाला ऐकू जाणार? मग मला त्याची खूण आठवली.

क्रेनवाल्याला वर काही ऐकू येत नाही. खालचा माणूस हातांनी सांगतो आणि वरचा तसं करतो. पण एक खूण अशी आहे की ती द्यायला कोणाची परवानगी लागत नाही. दोन्ही हात बाजूंना ताठ पसरायचे, तळवे खाली, आणि जोरजोराने पुढेमागे हलवायचे. तत्काळ थांब. मालकाने दिली तरी थांबायचं, झाडूवाल्याने दिली तरी थांबायचं, आणि का म्हणून ते थांबल्यावर विचारायचं. हे पैलवानानेच मला शिकवलं. एकदा भर बाजारात, रस्त्याच्या पलीकडून, मी त्याला गमतीने ती खूण केली. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तो होता तिथे असा थांबला की मागचा माणूस त्याच्या पाठीवर आपटला. मग दहा मिनिटं मला ओरडला. “ती खूण गमतीत करायची नसते! माझे हात आधी थांबतात, ताई, डोकं मागून येतं.”

काचेच्या रुंदीत माझे हात मावणार नव्हते. म्हणून मी चार पावलं मागे झाले, आतल्या आरशात दिसेन अशी उभी राहिले, आणि हात पसरून हलवायला लागले. एका हातात फरशी पुसायचं फडकं होतं ते तसंच. कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, म्हातारी उडायला निघाली.

थेंबांच्या वाटेतून मला आरसा दिसत होता आणि आरशात तो. त्याचे डोळे वर आले. माझ्यावर थांबले. मी हात हलवत राहिले. थांब. थांब. थांब.

तो थांबला नाही. त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं, पण त्या बघण्यात मी कुठेच नव्हते. बाईंनी बाजू बदलायला सांगितली असावी, कारण तेरा माणसं डावीकडे वळली. तो उजवीकडे वळला. आणि कोणीतरी छान बातमी सांगितल्यासारखा हसला.

ज्या माणसाचे हात डोक्याच्या आधी थांबतात, ते हात थांबले नाहीत. आता मला मान हाताला लागायची गरज नव्हती.

मी दार उघडलं.

गरम हवा तोंडावर आली आणि आतली डोकी वळली. बाई आरशापाशीच ओरडल्या, “ताई! दार!”

“नंतर लावा,” मी म्हणाले. मी त्याच्या मागे गेले आणि दोन बोटं त्याच्या मानेवर ठेवली. नुकत्याच उचललेल्या इस्त्रीखालचं कापड जसं लागतं, तशी ती लागली. “मान कोरडी आहे,” मी म्हणाले. त्या खोलीत ते कोणाला कळणार? पण आवाज कळला असावा. बाई चटया ओलांडत आल्या.

“सोड मला,” पैलवान म्हणाला. जीभ जड होती. “थोडेच मजले राहिलेत.”

“कसले मजले?” बाईंनी विचारलं.

 त्याने मला ढकलायला हात उचलला आणि तो हात वर असतानाच त्याचे गुडघे दुमडले. मी खाली, तो माझ्यावर. एकशे एक किलो. आतमध्ये एक दातांचे डॉक्टर होते, पुढच्या रांगेतले. त्यांनी आणि शिंप्याने त्याला चटईसकट ओढत बाहेर, बोळातल्या गार फरशीवर आणलं. मी पंच्यांच्या टोपलीतून पंचे काढून नळाखाली धरले. मानेवर, काखेत, जांघेत. एक गरम झाला की दुसरा. बाईंनी रुग्णवाहिकेला फोन लावला, आतून पंखा आणून त्याच्यावर धरला. 

कोणीतरी बाटली पुढे केली. “पाणी पाजा त्यांना!”

“नाही,” दातांचे डॉक्टर म्हणाले. “नीट शुद्धीवर येईपर्यंत तोंडात काही घालू नका. ठसका लागेल.”

“तुम्ही दातांचे ना?”

“दातांच्या मागे माणूसच असतो हो,” ते म्हणाले आणि पंचा बदलला.

सात-आठ मिनिटं गेली असतील. मी त्याला हाका मारत होते. त्याला मी काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग त्याने डोळे उघडले, छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि या खेपेला त्या डोळ्यांत मी होते.

“किती वाजले?” तो म्हणाला.

“तुझे बारा वाजले होते.”

“गाडी बोलावली का? ताई, गाडी नको. कंपनीला कळेल. मला उठव. मी बरा आहे.” त्याने उठायचा प्रयत्न केला, पण डोकंसुद्धा उचललं गेलं नाही. मग त्याने माझं मनगट धरलं. लहानपणी अंधारात धरायचा तसं. “गोळ्यांचं बोलू नकोस. काही बोलू नकोस. तुझ्या पाया पडतो.”

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. दोघं आत आले, एक पुरुष आणि एक बाई, हातात पेट्या. त्या बाईने त्याचं बोट चिमट्यात घातलं, डोळ्यांत दिवा मारला, आणि विचारलं, “काही औषध घेतलं होतं का यांनी?”

पैलवानाने मनगट सोडलं नव्हतं. दाबलं. माझं हाड दुखलं इतकं.

“माझ्या गोळ्या घेतल्यात,” मी म्हणाले. “पाणी उतरायच्या. तीन. आणि बहुतेक कालपासून पाणी प्यालेला नाही.” पिशवीतून माझ्या डॉक्टरांची चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली.

त्याने माझं मनगट सोडलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

अकरा वाजले तेव्हा तो दवाखान्यात होता, दोन्ही हातांना सलाईन. डॉक्टर म्हणाले की अंगातलं मीठ-पाणी इतकं खाली गेलं होतं की हृदयाचे ठोके चुकत होते, आणि गोळ्यांचं सुरुवातीलाच कळलं म्हणून नेमकं काय भरायचं ते समजलं. मी मान हलवली. त्याच्या बायकोने माझा हात धरला. तो डोळे मिटून पडला होता, पण झोपलेला नव्हता. झोपला असता तर पूर्वी घोरायचा, आणि आता घोरत नाही, त्यामुळे कळायला मार्ग नाही हे खरं; पण बहीण ओळखते.

दुसऱ्या दिवशी नर्सने त्याला काट्यावर उभं केलं. एकशे एक आणि वर पाचशे ग्रॅम. जे गेलं होतं ते सगळं बाटल्यांतून परत आलं होतं, वर शंभर ग्रॅम व्याज.

कंपनीने त्याला काढलं नाही. पण तीन महिने आणि डॉक्टरांचं पत्र, त्याशिवाय शिडीला हात लावायचा नाही असं सांगितलं. तोवर खाली. आता तो जमिनीवर उभा राहून दुसऱ्या चालकाला हातांच्या खुणा करतो. त्याच्या क्रेनमध्ये दुसरा बसतो, हे तो दिवसभर मान वर करून बघतो.

माझ्याशी बोलणं त्याने बंद केलं. मी घरी गेले की तो आतल्या खोलीत जाई. निरोप बायकोच्या तोंडून यायचे. “वन्सं, ते म्हणतात, ताईला सांग मी जेवलो.” “वन्सं, ते म्हणतात, ताईला सांग मी काही म्हणालो नाही.” मीही काही समजावायला गेले नाही. त्याने माझा डबा उघडला होता, मी त्याचं गुपित उघडं केलं होतं. फिटंफाट म्हणावं तर तसंही नव्हतं, कारण क्रेन त्याची गेली होती, माझं काहीच गेलं नव्हतं.

माझं कामही गेलं नाही. चार दिवसांनी बाईंनी मला बोलावलं. मी मनाची तयारी करून गेले. त्या खुर्चीवर बसल्या होत्या.

“तो माझ्या डोळ्यांसमोर होता,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, आज किती एकाग्र आहे. तुम्हाला बाहेरून कसं कळलं?”

मी लाँड्रीची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकली आणि उठून माझ्याकडे पाठ केली, केस पुढे घेतले. “दाखवा,” म्हणाल्या. मी दोन बोटं ठेवली.

आता वर्गाच्या मध्यावर यंत्र बंद होतं, सगळे दोन-दोन घोट पाणी पितात आणि जोडीदाराची मान बघतात. आधी लोकांना लाज वाटली. शिंपी म्हणाला, “पैसे देऊन लोकांचा घाम पुसायचा का आता?” मग सवय झाली. बाटली नसेल त्याला आत सोडत नाहीत. पाटी तशीच आहे, तिला मी हात लावलेला नाही.

नववा आठवडा असेल. सकाळी पावणेसातला पैलवान आला. हातात डॉक्टरांचं पत्र होतं, ते त्याने बाईंना दिलं, मला नाही. पत्रात लिहिलं होतं की निम्मा वेळ, आणि पाणी पीत. काखेत बादलीएवढी बाटली होती. माझ्याजवळून गेला, बाटली मला दिसेल अशी धरून गेला. वजनाचं मी विचारलं नाही. दार लागलं.

मी बाहेर पंचे घड्या करत होते. एकच पंचा मी चार वेळा घडी केला असेन. आत यंत्र थांबलं. म्हणजे मध्य झाला, माना बघायची वेळ. त्या दिवशी आत पंधरा माणसं होती हे मी मोजलं होतं, आणि पंधरांच्या जोड्या लागत नाहीत हेही मला कळत होतं.

दार आतून उघडलं. पैलवान उंबऱ्यावर उभा होता, लालभडक, धापा टाकत. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाठ केली, गुडघे थोडे वाकवले, कारण माझा हात तेवढा वर पोचत नाही, आणि मान पुढे केली.

मी पंचा खाली ठेवला. दोन बोटं त्याच्या मानेवर ठेवली. घाम माझ्या बोटांवरून तळहातात आला, तिथून मनगटावर.

“ओली!” मी म्हणाले. लाँड्रीत म्हणायचो तसं, मोठ्याने. आत कोणीतरी हसलं.

तो सरळ झाला. तरीही त्याने तोंड फिरवलं नाही.

“मग दार लाव ना, ताई,” तो म्हणाला. “सगळी गरमी बाहेर चाललीय.”